अ‍ॅजिलिटी क्रीडाप्रकारासाठी श्वानजातीची निवड : वंश, शरीररचना आणि स्वभाव

बीजसंज्ञा : अ‍ॅजिलिटी, श्वानजाती, बॉर्डर कॉली, शरीररचना, आनुवंशिकता, कारवानी श्वान.

प्रस्तावना :

मनुष्य आणि श्वान यांचे साहचर्य प्रामुख्याने शिकार, राखण आणि पशुपालन या कामांतून दृढ होत गेले. औद्योगिकीकरणानंतर यांपैकी बरीच कामे संपुष्टात आली. परंतु त्या कामांसाठी पिढ्यान्‌पिढ्या घडविलेले श्वान मागे उरले. मेंढ्या नसलेल्या घरात मेंढपाळी कुत्र्याने दिवसभर काय करावे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झालेले श्वानक्रीडाप्रकार हे काही अंशी या प्रश्नाचे उत्तर होय. अ‍ॅजिलिटी हा त्यांतील विशेष प्रसार पावलेला क्रीडाप्रकार आहे.

या खेळाकडे वळणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो कोणत्या जातीचा कुत्रा घ्यावा हा. त्याचे प्रचलित उत्तर दोन शब्दांत मिळते : बॉर्डर कॉली. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आणि त्या अपुरेपणाचा त्रास बहुधा मालकापेक्षा श्वानालाच अधिक भोगावा लागतो. जात ही निवडीची पहिली चाळणी आहे, शेवटची नव्हे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात निवडीच्या कसोट्यांचा विचार केला असून अखेरीस भारतीय परिस्थितीचीही दखल घेतली आहे.

खेळाचे स्वरूप आणि त्याची मागणी :

फेब्रुवारी १९७८ मध्ये लंडन येथील ऑलिंपिया सभागृहात भरलेल्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात हा खेळ प्रथम सादर झाला. मुख्य रिंगणातील दोन कार्यक्रमांमधील मोकळा वेळ भरून काढावा, या हेतूने प्रदर्शन समितीचे सदस्य जॉन व्हार्ली यांनी प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्या साहाय्याने शो जंपिंग या अश्वक्रीडेच्या धर्तीवर श्वानांसाठी अडथळ्यांची मांडणी केली. प्रेक्षकांना ती इतकी रुचली की १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या खेळास अधिकृत मान्यता दिली. अमेरिकेत १९८६ मध्ये त्याची स्वतंत्र संघटना स्थापन झाली, आणि १९९६ पासून एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या विद्यमाने जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होऊ लागल्या. मध्यंतरातील करमणूक म्हणून जन्मलेल्या खेळाने दोन दशकांत एवढी मजल मारावी, हे क्रीडेतिहासात तसे विरळच.

स्पर्धेच्या मार्गावर साधारणतः पंधरा ते बावीस अडथळे असतात. उडी मारण्याचे आडवे दांडे, टायर, लांब उडी, वाकवता येणारा बोगदा, बारा खांबांची रांग, सी-सॉ, उंच अरुंद फळीचा पूल आणि ए-फ्रेम म्हणून ओळखली जाणारी दुहेरी उतरण हे त्यांतील प्रमुख होत. खांबांच्या रांगेतून श्वानाने नागमोडी जावयाचे असते. दोन खांबांमधील अंतर साठ सेंटीमीटर असते. ए-फ्रेम, पूल आणि सी-सॉ यांच्या टोकांना वेगळ्या रंगाचे पट्टे असतात व त्यांवर श्वानाचा पंजा पडणे आवश्यक असते. पट्टा चुकला किंवा दांडा पडला, तर दोष धरला जातो. दोष समान असतील तेथे वेळ निर्णायक ठरते.

या खेळाची खरी परीक्षा मात्र अडथळ्यांत नाही. हँडलरला स्पर्धेपूर्वी मार्ग पायी पाहू दिला जातो, श्वानास नाही. अडथळ्यांचा क्रम प्रत्येक वेळी बदलतो आणि तो श्वानास धावतानाच, हँडलरच्या आवाजावरून, खांद्याच्या वळणावरून व पावलांच्या दिशेवरून समजून घ्यावा लागतो. श्वानाच्या गळ्यात दोरी नसते, हँडलरने त्यास स्पर्श करावयाचा नसतो, आणि रिंगणात खाऊ अथवा खेळणे नेता येत नाही. म्हणजे वेगाच्या ऐन भरात, कोणतेही तत्काळ बक्षीस समोर नसताना, श्वानाने दुसऱ्याच्या देहबोलीकडे लक्ष देत राहावे अशी ही अपेक्षा आहे. केवळ वेगवान श्वान येथे का मागे पडतो, याचे उत्तर यात आहे. सरळ रेषेत ग्रेहाउंडशी बरोबरी करणारी जात नाही. तरीही अ‍ॅजिलिटीच्या अंतिम फेऱ्यांत ग्रेहाउंड क्वचितच दिसतो.

बॉर्डर कॉलीचे वर्चस्व आणि त्याची कारणे :

मोठ्या उंचीच्या गटात बॉर्डर कॉलीचे वर्चस्व निर्विवाद आहे. त्याची कारणे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील डोंगराळ कुरणांत शोधावी लागतात. तेथील मेंढपाळ कुत्र्यास दूरवर पाठवून केवळ शिटीच्या खुणांवर त्याच्याकडून कळप वळवून घेत असे. १८७३ मध्ये वेल्समधील बाला येथे मेंढपाळी कुत्र्यांची ब्रिटनमधील नोंद झालेली पहिली स्पर्धा भरली. नॉर्थंबरलंडमध्ये १८९३ साली अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ओल्ड हेम्प हा नर आजच्या जवळजवळ सर्व बॉर्डर कॉलींचा पूर्वज मानला जातो. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीने रूपापेक्षा कामावर भर देऊन पैदास जोपासली. अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये या जातीस मान्यता दिली, तेव्हा प्रदर्शनासाठी पैदास सुरू झाल्यास कामाचे गुण लोपतील, या भीतीने अनेक जुन्या पालकांनी त्यास विरोध केला होता.

या इतिहासातून तीन गुण मुरले. हालचालीस तत्क्षणी प्रतिसाद देणे हा पहिला. मेंढीच्या कानाची हालचाल टिपणाऱ्या डोळ्यास हँडलरचा वळलेला खांदा सहज दिसतो. दबा धरून, गुरुत्वमध्य खाली ठेवून झटकन वळण्याची शरीरशैली हा दुसरा. तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा : काम हेच बक्षीस वाटणे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये सुमारे दोनशे परीक्षकांच्या मतांवरून श्वानजातींची जी क्रमवारी प्रसिद्ध केली, तीत बॉर्डर कॉली प्रथम, पूडल द्वितीय, शेटलंड शीपडॉग सहावा आणि पॅपिलॉन आठवा होता. अफगाण हाउंड तळाशी होता. या क्रमवारीस बुद्धिमत्तेची क्रमवारी म्हटले गेले. वस्तुतः तीत मोजला गेला तो आज्ञापालनाचा वेग होय. अफगाण हाउंड मंद नाही, त्यास विचारून धावण्याची सवय नाही, इतकेच.

परंतु हेच गुण घरात उलटतात. ज्या श्वानास हालचाल टिपण्यावाचून राहवत नाही, तो सायकली, धावणारी मुले आणि भिंतीवरील सावल्या यांच्याही मागे लागतो. स्पर्धेतील एक फेरी चाळीस-पन्नास सेकंदांत संपते. आठवड्यातील सराव धरला तरी खेळाचा वेळ काही तासांपलीकडे जात नाही. उरलेला सर्व काळ हा श्वान घरातच असतो, तोही बारा ते पंधरा वर्षे. दिवसभर कुलूपबंद सदनिकेत राहणाऱ्या बॉर्डर कॉलीने सोफा फाडला, तर त्यास दुर्गुण म्हणणे अन्यायाचे ठरेल. विजेत्यांची यादी पाहून जात निवडणाऱ्यांचे श्वान प्राणिनिवाऱ्यांत येऊन पडतात, ते खेळात कमी पडले म्हणून नव्हे. घरात मावले नाहीत म्हणून.

उंचीचे गट आणि लहान जाती :

श्वानाची उंची मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यावर मोजतात. एफसीआयच्या नियमांत पूर्वी लहान, मध्यम व मोठा असे तीन गट होते. २०२३ पासून मध्यम व मोठा यांच्या दरम्यान आणखी एक गट आला. ३५ सेंटीमीटरहून कमी उंचीचे श्वान लहान गटात, ३५ ते ४३ पर्यंतचे मध्यम गटात, ४३ ते ४८ पर्यंतचे दरम्यानच्या गटात आणि ४८ व त्यापुढील मोठ्या गटात येतात. उडीची कमाल उंची अनुक्रमे ३०, ४०, ५० व ६० सेंटीमीटर असते.

या सीमारेषांचे महत्त्व नवख्यास पटकन ध्यानात येत नाही. पस्तीसला किंचित कमी भरणाऱ्या आणि बरोबर पस्तीस भरणाऱ्या श्वानांच्या देहांत डोळ्यांस दिसेल असा फरक नसतो. पण दुसऱ्यास प्रत्येक उडीस दहा सेंटीमीटर अधिक उचलावे लागते. शेटलंड शीपडॉग या जातीची आदर्श उंची नरांत ३७ व माद्यांत ३५.५ सेंटीमीटर मानली जाते, म्हणजे ही जात नेमकी रेषेवर उभी आहे. एकाच वेतातील भावंडे वेगवेगळ्या गटांत जाऊ शकतात. पिल्लू घेताना त्याची पूर्ण वाढ झाल्यावरची उंची निश्चित सांगता येत नाही. आई-वडिलांची व आधीच्या वेतांतील भावंडांची मापे विचारणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग.

लहान व मध्यम गटांत शेल्टीचे स्थान फार वरचे आहे. मेंढपाळी वारसा, हलका देह आणि मालकाकडे सतत लागलेले लक्ष या गोष्टी त्यात एकत्र येतात. भुंकण्याची सवय मात्र दाट वस्तीत शेजाऱ्यांची परीक्षा पाहते. पॅपिलॉन हा शोभेचा कुत्रा समजला जातो, परंतु त्याची चपळाई व शिकण्याची हौस पाहता ही समजूत टिकत नाही; त्याची नाजूक हाडे जपावी लागतात एवढेच. जॅक रसेल टेरियर वेगात कोणास हार जात नाही. तथापि बिळातील सावजामागे एकट्याने जाण्यासाठी घडलेला हा श्वान निर्णय स्वतः घेतो. लहान आकाराचा पूडल शिकण्यात तरबेज असून त्याचे केस गळत नाहीत, मात्र ते नियमित कापावे लागतात. कॉकर स्पॅनिएल उत्साही आहे, परंतु गवतातील वासाने त्याचे चित्त विचलित होते.

शरीररचनेचा विचार :

उडीनंतर जमिनीवर उतरताना श्वानाचा भार प्रथम पुढच्या पायांवर पडतो, आणि तो त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून उंचीच्या मानाने वजन किती, हे प्रमाण निर्णायक ठरते. पन्नास-बावन्न सेंटीमीटर उंचीचा बॉर्डर कॉली साधारण सतरा-अठरा किलोचा असतो. त्याहून केवळ चार-पाच सेंटीमीटर उंच असलेला लॅब्राडॉर तीस किलोच्या घरात जातो. दोघांची उडी एकाच उंचीची, पण खांद्यास बसणारा धक्का सारखा नाही. लॅब्राडॉर हा खेळ खेळू शकत नाही असा याचा अर्थ नव्हे. तो आनंदाने खेळतो, आणि खाण्याच्या आवडीमुळे त्यास शिकविणेही सोपे जाते; फक्त त्याचे वजन काटेकोर राखावे लागते व वर्षातील स्पर्धांची संख्या आवरावी लागते.

डॅक्सहंड व कॉर्गी यांसारख्या आखूड पायांच्या जातींचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या आखूड पायांमागे एफजीएफ ४ या जनुकाची जादा प्रत असल्याचे २००९ मध्ये दिसून आले. २०१७ मध्ये त्याच जनुकाची दुसरी एक जादा प्रत मणक्यांमधील चकत्या अकाली कठीण होऊन सरकण्याशी निगडित असल्याचे आढळले. या जातींच्या, विशेषतः डॅक्सहंडच्या, पाठीवर वारंवार उड्यांचा ताण देणे धोक्याचे होय. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या श्वानांस श्वास अपुरा पडतो. अतिमोठ्या व वजनदार जाती तर या खेळास मुळातच अनुकूल नाहीत.

येथे इजांच्या एका पाहणीचा उल्लेख आवश्यक आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि ३,८०१ श्वानांची माहिती पालकांकडून इंटरनेटद्वारे गोळा केलेल्या या पाहणीत सुमारे ३२ टक्के श्वानांना खेळात इजा झाल्याचे आढळले. आणि इतर जातींच्या तुलनेत बॉर्डर कॉलींमध्ये इजेचा धोका अधिक दिसला. जी जात या खेळास सर्वाधिक योग्य मानली जाते, तीच अधिक जायबंदी व्हावी, ही बाब विचार करण्यासारखी आहे. अधिक वेग, अधिक तीव्र वळणे आणि दुखत असतानाही न थांबण्याची वृत्ती यांतून तिचा उलगडा होऊ शकतो. श्वान स्वतः थांबणार नसेल, तर त्याला केव्हा थांबवावे हे मालकास कळले पाहिजे. ज्याला ते कळत नाही त्याने अतिउत्साही श्वान न घेणेच बरे. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला कूर्चेचा भाग पक्का झालेला नसतो. एफसीआयच्या स्पर्धांत अठरा महिन्यांपूर्वी उतरता येत नाही, ते याचसाठी. पूर्ण उंचीच्या उड्यांचा सरावही त्यापूर्वी भराने करणे अहिताचे होय.

वंश किती सांगतो? :

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात अठरा हजारांहून अधिक श्वानांविषयी पालकांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आल्या आणि त्यांपैकी दोन हजारांहून अधिक श्वानांच्या जनुकसंचांचे वाचन करण्यात आले. श्वानाश्वानांतील वर्तनभेदांपैकी केवळ सुमारे नऊ टक्के भाग जातीवरून स्पष्ट होतो, असे त्यात आढळले. मात्र सूचना मानण्याची तयारी हा गुण इतर गुणांपेक्षा जातीशी अधिक निगडित दिसला, हेही लक्षात घ्यावे लागेल. अ‍ॅजिलिटीस लागणारा मुख्य गुण तोच असल्याने येथे जात अगदीच निरर्थक ठरत नाही. परंतु जातीच्या नावावरून एखाद्या विशिष्ट पिल्लाचा स्वभाव वाचता येईल ही अपेक्षा फोल आहे. एकाच वेतात एक पिल्लू मैदानाच्या कोलाहलात फुलते, तर दुसरे ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने रिंगणाच्या कडेलाच बसून राहते.

संकरित श्वानांची कामगिरी हीच गोष्ट दाखविते. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात २०१४ मध्ये अ‍ॅजिलिटीची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिला मान केल्सो नावाच्या बॉर्डर कॉलीने मिळविला होता. २०२४ मध्ये तोच मान निंबल या मादीकडे गेला. ती बॉर्डर कॉली व पॅपिलॉन यांच्या संकरातून जन्मलेली असून या स्पर्धेत विजयी झालेली पहिलीच संकरित श्वान ठरली. एफसीआयच्या जागतिक अजिंक्यपदासाठी मान्य वंशावळ लागते. पण ब्रिटन व अमेरिकेतील बहुतेक स्पर्धा संकरित श्वानांना खुल्या आहेत, आणि क्रफ्ट्समध्ये निवाऱ्यांतून आणलेल्या श्वानांसाठी स्वतंत्र स्पर्धाही होते.

मग पिल्लात पाहावे तरी काय? सात-आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या स्वभावचाचण्यांवर फार भरवसा ठेवता येत नाही, कारण या वयातील वर्तन पुढे बदलते. त्यापेक्षा आई पाहावी. अनोळखी माणूस आल्यावर ती कशी वागते, आवाजाने दचकल्यास किती लवकर सावरते, खेळताना माणसाकडे परत येते की वस्तू घेऊन दूर जाते, हे पाहणे अधिक उपयुक्त. आई-वडिलांच्या नितंबसांध्यांची क्ष-किरण तपासणी व डोळ्यांची तपासणी झाली आहे का, हे कागदपत्रांवरून पडताळावे. तोंडी आश्वासन पुरेसे नाही. ऑस्ट्रेलियन शेफर्ड व शेल्टी यांत ठिपकेदार मर्ल रंगाच्या दोन श्वानांचा संकर केल्यास बहिरी वा अंध पिल्ले जन्मण्याचा धोका असतो. अशा वेतातील पिल्लू ‘दुर्मीळ पांढरे’ म्हणून विकले जात असल्यास सावध व्हावे. ज्याला अनिश्चितता नको असेल, त्याने दीड-दोन वर्षांचा, उंची व स्वभाव दोन्ही ठरून गेलेला प्रौढ श्वान घ्यावा. हा मार्ग विनाकारण दुर्लक्षित राहिला आहे.

भारतीय परिस्थिती :

महाराष्ट्रातील वाचकास या संदर्भात सर्वप्रथम आठवतो तो दख्खनचा कारवानी अथवा मुधोळ श्वान. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. त्याचा वेग व काटकपणा वादातीत आहे. तथापि हा दृष्टीने शिकार करणारा श्वान आहे. ससा दिसताच मालकाच्या हाकेची वाट न पाहता झेपावणे हेच त्याच्याकडून शतकानुशतके अपेक्षित होते. शिवाय सत्तर सेंटीमीटरच्या आसपास उंची असलेल्या या देहास साठ सेंटीमीटर व्यासाच्या बोगद्यात वाकून शिरावे लागते आणि तेवढ्याच अंतरावरील खांबांतून लांब पाठ वळवावी लागते. उडी त्याला जड नाही. वळण जड आहे. त्याच्यासाठी कृत्रिम सावजामागे धावण्याचा क्रीडाप्रकार अधिक स्वाभाविक ठरेल.

गावठी कुत्र्याचा विचार मात्र गांभीर्याने व्हावयास हवा. मध्यम उंची, हलके वजन, आखूड केस आणि येथील उष्म्याची सवय ही त्याची जमेची बाजू होय. त्याचा स्वभाव सावध व स्वतंत्र असतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत त्याला माणसे, आवाज व निरनिराळ्या पृष्ठभागांची ओळख करून देणे आवश्यक असते. बॉर्डर कॉलीइतका तो आज्ञातत्पर होणार नाही. पण तो दिवसभर कामाची मागणीही करणार नाही, आणि नोकरी करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा गुण लहान नाही.

आयात जातींचा विचार करताना हवामान प्रथम येते. श्वानास घामावाटे शरीर थंड ठेवता येत नाही. त्याला धापा टाकूनच उष्णता बाहेर सोडावी लागते. दुहेरी केसांचा मेंढपाळी श्वान विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत दिवसा धावविणे जिवावर बेतू शकते; तेथे सराव सूर्योदयापूर्वीच आटोपावा लागेल, आणि ज्याला ते शक्य नाही त्याने अशी जात टाळावी. दुसरी बाब औषधाची आहे. कॉली, शेल्टी व ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींतील अनेक श्वानांत एमडीआर १ या जनुकातील दोषामुळे आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरून विषबाधा होऊ शकते. हा दोष २००१ मध्ये उजेडात आला. बॉर्डर कॉलीत त्याचे प्रमाण कमी आहे, पण तो अगदीच नाही असे नव्हे. आपल्याकडे खरूज व गोचिडांवर हे औषध सर्रास टोचले जाते. अशा जातीचा श्वान घेणाऱ्याने ही जनुकीय चाचणी करून घ्यावी, आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत श्वानाची जात पशुवैद्यकास प्रत्येक भेटीत आवर्जून सांगावी.